आकड्यांची आणि वेळेची इंग्रजी : प्रस्तावना

नगर जिल्ह्यात, आता कागदोपत्री अहिल्यानगर जिल्ह्यात, इंग्रजी आकडा कधी तोंडी आलाच नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. राहुरी-नेवाशाकडच्या वस्तीवर रात्री कोणी हमखास विचारतो, 'थ्री फेज आली का?' सुप्याच्या एमआयडीसीत लागलेला पोरगा घरी सांगतो, 'या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे.' पावसाळ्यात मुळा धरणाचे पाणी चढू लागले की टपरीवर एकच विषय, किती टीएमसी झाले. श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे यांच्यामुळे फिफ्टी, सेंच्युरी, वन डे हे शब्द तर इथल्या पोरांना पाटी हातात येण्याआधी येतात. पण याच माणसांना फोनवर कोणी भराभर इंग्रजीत नंबर सांगू लागला, किंवा बँकेच्या फॉर्मवर रक्कम इंग्रजी अक्षरांत लिहायची वेळ आली, की पेन शेजारच्याच्या हातात जाते. 'जरा एवढं भरून द्या ना' हे वाक्य जिल्ह्यातल्या कुठल्याही बँकेच्या शाखेत रोज ऐकू येते. ते म्हणणाऱ्यांत वर्षाकाठी लाखोंचा ऊस घालणारा शेतकरी असतो आणि बचतगटाचा हिशेब पैशापर्यंत तोंडी सांगणारी बाईही असते. त्यांना हिशेब उत्तम येतो. अडते ते फक्त इंग्रजी नावांपाशी.

ही पुस्तिका त्यांच्यासाठी आहे. इंग्रजी बोलायला शिकवण्याचा दावा ती करत नाही. आकडे, घड्याळ, वार, महिने आणि तारीख एवढाच तिचा पसारा. नव्याने इंग्रजी शिकणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी असे माझे ठाम मत आहे, कारण रोजच्या व्यवहारात इंग्रजी आधी भेटते ती आकड्यांच्या आणि वेळेच्या रूपाने, आणि चूक झाली तर नुकसानही तिथेच होते. 'हाऊ आर यू' चुकले तर समोरचा हसून सोडून देतो. फिफ्टीनच्या जागी फिफ्टी ऐकले तर पैसे जातात.

दूध संकलन केंद्रावर मिळणारी पावती घ्या. सकाळी कॅन रिकामा होतो, नमुना यंत्राला लागतो, आणि पट्टी बाहेर येते. त्यावर तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम. 'फॅट किती लागली?' 'तीन-आठ.' हा संवाद अकोल्यापासून पाथर्डीपर्यंत सारखाच. गायीच्या दुधाचा दर साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ हे प्रमाण धरून जाहीर होतो, आणि त्यापुढचा प्रत्येक पॉइंट खिशाशी जोडलेला असतो. हल्ली ही माहिती मोबाईलवर इंग्रजीत येते. ज्या बाईला तीन-आठ म्हणजे काय हे पक्के ठाऊक आहे, तिला 'थ्री पॉइंट एट' शिकायला किती वेळ लागणार? फक्त एक गोष्ट तिला सांगावी लागते. पॉइंटनंतरचे आकडे एकेक करून वाचायचे. ३.४५ हे 'थ्री पॉइंट फोर फाईव्ह'. तिथे 'फोर्टी-फाईव्ह' म्हणायचे नाही. शाळेत 'तीन दशांश चिन्ह चार पाच' असे वाचायला शिकवले होते, तीच ही रीत.

अशा ओळखीच्या गोष्टींवरून अनोळखी गोष्टीकडे जायचे, हे या पुस्तिकेचे सूत्र आहे, आणि या जिल्ह्याला ते नवे नाही. अमेरिकन मिशनचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले. सिंथिया फॅरार ही शिक्षिका १८३९ मध्ये मुंबईहून इथे आली आणि १८६२ मध्ये इथेच वारली. आयुष्याची उरलेली सगळी वर्षे तिने या गावात मुलींच्या शाळा चालवण्यात घालवली. पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढण्याआधी जोतीराव फुले यांनी तिच्या शाळा पाहिल्या होत्या, आणि सावित्रीबाईंच्या शिक्षक-प्रशिक्षणाशी चरित्रकार तिचेच नाव जोडतात. परदेशातून आलेल्या या बाईने आधी मराठी आत्मसात केली आणि मग शिकवले. आपल्याकडच्या इंग्रजीच्या शिकवण्या मात्र बहुतेक वेळा मराठीला दाराबाहेर ठेवून सुरू होतात. ज्याला मराठी आकडे येतात त्याच्याकडे मोजणीची पूर्ण व्यवस्था आधीच असते. ती बाजूला ठेवून वन-टूची घोकंपट्टी करून घेणे म्हणजे शिकणाऱ्याचा वेळ आणि आत्मविश्वास दोन्ही वाया घालवणे होय.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली. त्याआधी मराठी शाळेत ती पाचवीला सुरू होई. त्यामुळे आज चाळिशीच्या पुढे असलेल्यांना इंग्रजी आकडे उशिरा आणि घाईत शिकवले गेले, आणि सातवी-आठवीत शाळा सुटलेल्यांच्या हाती तेवढेच उरले. त्यांनी त्याचा कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही.

आता खरी अडचण. मराठीत आपण एकवीस, बावीस, पंचेचाळीस असे म्हणतो. एकक आधी, दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी लिहितो. इंग्रजीत वीसच्या पुढे जसे लिहायचे तसेच बोलायचे: ट्वेंटी-वन, फोर्टी-फाईव्ह. म्हणून पंचेचाळीस मनात धरलेला माणूस घाईत 'फिफ्टी-फोर' म्हणून बसतो; पाच आधी कानात आलेला असतो, तोच आधी तोंडातून बाहेर पडतो. त्यात आपले 'एकोण' आहेच. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. तीस हा शब्द ऐकू येतो, पण लिहायचा असतो दोन आणि नऊ. एकोणऐंशी, एकोणनव्वदपर्यंत हा नियम चालतो आणि नव्व्याण्णवला सुटतो. आपल्या जिभेला हे इतके सवयीचे आहे की त्यातली गुंतागुंत कधी जाणवतच नाही. मराठीतून इंग्रजीत जाताना ती एकदम समोर येते.

२०१९ च्या जूनमध्ये हाच विषय महाराष्ट्रभर गाजला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्याबरोबर 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत दिली होती. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांचे म्हणणे साधे होते: जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले संख्यांना बिचकतात, त्यांना सोपा पर्याय द्यावा; जुनी नावे काढलेली नाहीत. विरोध जोरात झाला आणि विषय विधानसभेपर्यंत गेला. मला दोन्ही बाजूंची कळकळ खरी वाटते. बहात्तर, त्र्याहत्तर हे शब्द आपल्या बोलण्यातून जावेत असे मला मुळीच वाटत नाही. पण नारळीकरांनी दाखवलेली अडचण काल्पनिक नव्हती, आणि इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढाला त्यांचाच उपाय सर्वांत उपयोगी पडतो. बहात्तर ऐकले की मनात 'सत्तर-दोन' म्हणायचे आणि तोंडाने 'सेव्हन्टी-टू'. एकोणसाठ, 'पन्नास-नऊ', 'फिफ्टी-नाईन'. काही दिवसांनी मधली पायरी आपोआप गळून पडते. पुस्तिकेत एकवीसपासून नव्व्याण्णवपर्यंतचा तक्ता म्हणूनच तीन रकान्यांचा केला आहे.

ही अडचण एकट्या मराठीचीही नाही. जर्मन माणूस आजही एकवीसला 'एक आणि वीस' म्हणतो. जुन्या इंग्रजीतही तीच पद्धत होती. नॉर्वेत तर १९५१ मध्ये संसदेने ठरवून शाळा आणि सरकारी कामकाजातला क्रम बदलला, दशक आधी आणि एकक नंतर. त्यामागचे मोठे कारण टेलिफोन. नंबर सांगताना-ऐकताना अंक उलटसुलट होत आणि कॉल भलतीकडे लागे. आपल्याकडे मोबाईल नंबर सांगताना लोकांनी कोणी न शिकवता तोडगा काढला आहे. जोडीने सांगायचे टाळून एकेक अंक सांगायचा, दोनदा आला तर 'डबल नाईन', तीनदा आला तर 'ट्रिपल'. शिकणाऱ्याने शून्य ते नऊ एवढे दहा शब्द पक्के केले तरी त्याला जगातला कुठलाही नंबर सांगता येतो. पहिले प्रकरण त्या दहा शब्दांचेच आहे. त्यात एक सूचना ठळक छापली आहे: इंग्रजीत शून्याला कधी 'झीरो' म्हणतात, कधी नुसते 'ओ'. ओ ऐकू आले तरी लिहायचे शून्यच.

अकरा ते एकोणीस हे वेगळे प्रकरण का केले, हेही सांगायला हवे. इलेव्हन, ट्वेल्व्ह सुटे पाठ करायचे. थर्टीनपासून नाईन्टीनपर्यंत मात्र इंग्रजी मराठीसारखीच चालते, एकक आधी आणि दहा नंतर. क्रमाच्या दृष्टीने आपल्याला हे सोपे. कानाच्या दृष्टीने सर्वांत अवघड. थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टी, सिक्स्टीन-सिक्स्टी. मोटारींच्या आवाजात, फोनची रेंज गेलेली असताना शेवटचा 'न' ऐकूच येत नाही. इंग्रजी बोलणारे हा फरक 'न'पेक्षा उच्चाराच्या जोराने ओळखतात: 'टीन' असेल तर ते लांब आणि ठासून, 'टी' असेल तर जोर शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवट आखूड. तरीही शंका आली तर बिनदिक्कत विचारा, 'वन फाईव्ह की फाईव्ह झीरो?' व्यापारी, बँकवाले, कॉल सेंटरवाले सगळे असेच खात्री करून घेतात. लिहिण्यात एक खोच आहे. फोर आणि फोर्टीन यांच्या स्पेलिंगमध्ये 'यू' आहे, फोर्टीत नाही. चेकवर चाळीस लिहिताना ही चूक शिकलेल्यांच्या हातूनही होते.

मोठ्या संख्यांत आपल्याला एक सवलत आहे. भारतातल्या इंग्रजीत लाख आणि क्रोर चालतात, बँकेत चालतात, सरकारी कागदावर चालतात. परदेशी माणसाशी बोलताना मात्र मिलियन लागतो, म्हणजे दहा लाख. आणि इथे नगरच्या माणसाला मी थोडे थांबवतो, कारण रोज तोंडी असलेल्या टीएमसीत हाच मिलियन लपलेला आहे. थाउजंड मिलियन क्युबिक फीट. हजार गुणिले दहा लाख, म्हणजे शंभर कोटी घनफूट. लिटरमध्ये सुमारे २,८३० कोटी. मुळा धरणाची क्षमता २६ टीएमसी, भंडारदऱ्याची ११ टीएमसी. वर्तमानपत्रे हेच 'दशलक्ष घनफूट' असे लिहितात, तेव्हा मुळेचा आकडा २६,००० होतो. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात: एका सेकंदाला एक घनफूट. ११,५७४ क्युसेक पाणी अखंड चोवीस तास वाहिले की एक टीएमसी होते. जायकवाडीला पाणी सोडण्यावरून दर दुष्काळात ज्या जिल्ह्यात रान पेटते, तिथल्या माणसाला हा हिशेब स्वतः करता आलाच पाहिजे. पुस्तिकेतले मोठ्या संख्यांचे सगळे सराव धरणांच्या आकड्यांवर बेतले आहेत.

पाव, निम्मे, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे मराठीचे वैभव आहे. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत. रुपयाचे सोळा आणे होते तोवर त्यांचा रोज उपयोग होता. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि हे पाढे हळूहळू शाळेतून गेले. बोलण्यातून गेले नाहीत. आजही आपण सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीच हजार म्हणतो, साडेसातची मोटर बसवतो. इंग्रजीत हे असे जात नाही. दीडशे म्हणजे वन फिफ्टी, अडीच हजार म्हणजे टू थाउजंड फाईव्ह हंड्रेड. 'क्वार्टर टू' हे शब्द घड्याळासाठी शिकलेला माणूस पावणेदोनशेलाही तेच लावू पाहतो, तर तसे चालत नाही. तिथे सरळ वन सेव्हन्टी-फाईव्ह.

घड्याळात मात्र हेच मराठी शब्द आपले काम सोपे करतात. सव्वापाच म्हणजे क्वार्टर पास्ट फाईव्ह, साडेपाच म्हणजे हाफ पास्ट फाईव्ह, पावणेसहा म्हणजे क्वार्टर टू सिक्स. विचार तंतोतंत एकच. पावणेसहा म्हणताना आपण पुढच्या तासाचे नाव घेतो, इंग्रजही घेतो. जर्मन माणूस साडेपाचला 'अर्धे सहा' म्हणतो. त्याला इंग्रजी घड्याळ शिकताना जी उलथापालथ करावी लागते ती आपल्याला करावी लागत नाही. शिवाय आपल्याकडे साडेएक आणि साडेदोन नाहीत, तिथे दीड आणि अडीच; इंग्रजीत हा अपवादही नाही, हाफ पास्ट वन, हाफ पास्ट टू. एकच जागा कानाला फसवते. पावणेदोन म्हणजे 'क्वार्टर टू टू'. पहिला टू 'कमी' सांगतो, दुसरा दोन. गडबड वाटली तर 'वन फोर्टी-फाईव्ह' म्हणावे. सगळ्यांना कळते आणि त्यात चुकीचे काही नाही. अगदी नवख्याने आधी हीच पद्धत उचलावी, तास आणि मग मिनिटे.

वेळेच्या प्रकरणात मी सर्वांत जास्त पाने एएम आणि पीएमला दिली आहेत. मूळ शब्द लॅटिन आहेत, अर्थ मध्यान्हापूर्वी आणि मध्यान्हानंतर. आपला दिवस उजाडल्यावर सुरू होतो. पहाट, सकाळ, दुपार, तिन्हीसांज, रात्र असे त्याचे भाग आपण अनुभवाने पाडतो. इंग्रजी तारीख मात्र मध्यरात्री बदलते, आणि तिथे माणसे फसतात. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:३० असेल, तर ती गाडी १४ तारखेला जेवण करून त्याच रात्री स्टेशनवर जाऊन पकडायची असते. 'पंधराची रात्रीची गाडी' म्हणून १५ तारखेला रात्री गेलेल्याची गाडी चोवीस तास आधीच निघून गेलेली असते. ट्वेल्व्ह थर्टी एएम म्हणजे मध्यरात्रीनंतरचे साडेबारा, ट्वेल्व्ह थर्टी पीएम म्हणजे भर दुपारचे. हे पान फाडून घरात कॅलेंडरशेजारी लावले तरी चालेल.

एसटीच्या वेळापत्रकात आणि रेल्वेत चोवीस तासांचे घड्याळ असते. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला नगर-पुणे मार्गावरच धावली, तेव्हा या घड्याळाशी आपली ओळख जुनी म्हणायला हवी. लष्करातून निवृत्त झालेल्यांची घरे नगरमध्ये पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून 'फोर्टीन हंड्रेड अवर्स' ऐकायला मिळते. तेरापासून पुढच्या तासातून बारा वजा करायचे, एवढेच गणित.

तारखेबद्दल थोडक्यात. आपण दिवस आधी लिहितो, महिना नंतर. अमेरिकेत महिना आधी. मुंबईवरचा हल्ला आपल्याकडे २६/११ आणि न्यूयॉर्कवरचा ९/११ म्हणतात तो याच फरकामुळे. तो नऊ सप्टेंबर नाही, अकरा सप्टेंबर आहे. परदेशातल्या नातेवाइकाने ४/५ लिहिले तर महिन्याचे नाव विचारून घ्यावे. मराठीतला 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. इंग्रजीत त्याला लांबलचक शब्द आहेत, म्हणून तारीख किंवा वार सांगून मोकळे व्हावे. पाचला, सोमवारी, जूनमध्ये यांसाठी इंग्रजीत ॲट, ऑन आणि इन. एवढे तीन शब्द पुरतात.

सरावासाठी पैसे खर्च करू नका. नगरच्या रेल्वे स्टेशनवर अर्धा तास बसा. गाडीचा नंबर, २०१० च्या डिसेंबरपासून तो पाच आकडी आहे, आणि येण्याची वेळ मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पाठोपाठ सांगितली जाते. मराठीत ऐका, मनात इंग्रजी करा, आणि पुढच्या घोषणेत ताळा करून पाहा. याच्यापेक्षा चांगला आणि फुकट शिक्षक मला माहीत नाही. शिर्डीत दुकान किंवा रिक्षा चालवणाऱ्यांना तर हा सराव गिऱ्हाईकच देते. २०१७ मध्ये काकडीला विमानतळ झाल्यापासून देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यातले भाविक येतात आणि भावाची बोलणी बहुधा इंग्रजी आकड्यांतच होतात.

पुस्तिकेत उच्चार देवनागरीत दिले आहेत, ते कामचलाऊ आहेत. शेवटचा शब्द कानाचा. शिक्षकांना विनंती एवढीच की प्रौढ विद्यार्थ्याला वर्गात उभे करून वन-टू म्हणायला लावू नका. त्याच्या हातातली पावती, वीजबिल, पासबुक पुढे घ्या आणि त्यातला आकडा वाचायला सांगा. आणि वाचकहो, आजच घरातले वीजबिल काढा. त्यावरचा ग्राहक क्रमांक एकेक अंकाने इंग्रजीत मोठ्याने वाचा, भरण्याची शेवटची तारीख वाचा, रक्कम वाचा. जिथे अडेल तिथले पान उघडा. पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायची काही गरज नाही.